व्हाया असोळणे

मडगावच्या बाजारामागे आमचं तिकिटांचं दुकान,
जिन्याखाली. एक पंखा, दोन खुर्च्या,
भिंतीवर बुडालेल्या विमान कंपनीचं कॅलेंडर.
एकच्या सुमारास शटर अर्धं ओढलं की
संध्याकाळपर्यंत कुणी येत नाही.
त्या दिवशी बेर्तील्दा कुलासो वाकून आत आली,
एका हातात छत्री, पिशवीत नीरफणस.

म्हणाली, लिस्बनपासून ऑकलंड किती?
मी विचारलं, जायचंय कुणाला?
कुणालाच नाही. किती ते सांग.

(मुलगे दोन. क्लेतो तिकडे, इनासियु पलीकडे.
बापाच्या मरणाला एक पोचला, एक नाही,
मग फोनवर काही बोलणं झालं,
त्याला आता चार वर्षं.
हे तिने नाही सांगितलं.
असोळण्याच्या बसचा कंडक्टर माझा मावसभाऊ.)

यंत्र म्हणालं, एकोणीस हजार सहाशे किलोमीटर.
थेट विमान नाही. दोन थांबे,
तीसेक तास,
आणि एकाची सकाळची कॉफी तेव्हा दुसऱ्याचं रात्रीचं जेवण.
तिला आकडा कळला, पण मापात बसेना.
तिचं सगळ्यात लांब माप म्हणजे
नवरी होऊन होडीतून साळ नदी ओलांडली, तेवढं.

मग मी तिचाच नीरफणस टेबलावर घेतला.
एक टाचणी देठाशी: हा क्लेतो.
दुसरी थेट बुडाशी: हा इनासियु.
याहून लांब या पृथ्वीवर जाताच येत नाही, बाय.
इथून पुढे कुठेही पाऊल टाका,
माणूस जवळच येत जातो.

तिने खरखरीत सालीवरून बोट फिरवलं,
वरून खाली, मग दुसऱ्या बाजूने.
आणि आपण?
मी पेनाने कडेला एक ठिपका दिला.
मग इथून गेलं तर?

वीस वर्षांत हा हिशेब कुणी मागितला नव्हता.
कागदावर मांडला, खोडला, परत मांडला.
टोकं अशी पाठीला पाठ लावून असली
की सगळ्या वाटा जवळजवळ सारख्याच.
गोव्यावरून गेलं तर सातशे किलोमीटर जास्त.
म्हणजे?
म्हणजे तासाभराचा फेर.

तासभर, ती म्हणाली.
तेवढ्यात माझं उकड्या तांदळाचं शीत होतं.

मग सरळ बसली.
हे लिहून दे. खाली दुकानाचा शिक्का मार.
आणि दोन प्रती काढ.

पैसे मी घेतले नाहीत, तिने नीरफणस ठेवला.
झोप काढून उठलो तर टाचण्यांच्या मुळाशी
चीक आलेला, वरही, खालीही,
बोटाला लागला तो रात्रीपर्यंत गेला नाही.

घरी बायको कापं करायला बसली.
विचारलं, हा शाईचा ठिपका कसला?
म्हटलं, थांबा.