सरकी

उद्या आगमनकाळाचा चौथा रविवार.
तीन मेणबत्त्या आहेत, चौथी दारव्ह्याहून यायचीये
एलियाच्या सायकलवर, आला तर.

लाईन गेलीये. सलोमीमावशी कंदिलाशी बसलीय, ओटीत कापूस.
दिवसभर कौसाबाईच्या वावरात वेचणी केली,
काट्यावर माप झाल्यावर विचारलं,
मूठभर नेऊ का, गव्हाणीसाठी?
कौसाबाईनं दोन मुठी दिल्या. म्हणाली,
ने वं, लेकराले थंडी वाजत असन.

बाळ प्लास्टरचं. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.
वर्षभर बिस्किटाच्या डब्यात निजतं.
आम्ही त्याला कुटारावरच ठेवायचो,
शास्त्रात गव्हाण लिहिलीय म्हणून.
मावशी म्हणते, लिहिनाऱ्यानं कुटार
आंगाखाली घेतलं नसन.

एकेका पुंजक्यातून ती सरकी काढते.
पऱ्हाटीनं ओरबाडलेली बोटं, फुटकी नखं,
एक सरकी, आणखी एक.
मी म्हणतो, प्लास्टरच्या अंगाला काय टोचणार?
ती मान वर करत नाही.

तिचा आशेर तापात गेला, त्याला नऊ नाताळ झाले.
त्या रात्री मी देवाला पुष्कळ बोललो होतो.
ती काहीच नाही. सकाळी तिनं
त्याची वाकळ उन्हात टाकली होती.

बाहेर तुरीवर दव पडतंय.
देवही असाच बसला असेल का
आपण जन्मायच्या आदल्या रात्री, दिव्याशी,
आणि सगळी सरकी निघाली नसेल त्याच्या हातून?

एक मला अजून टोचते.

मावशी म्हणते, कंदील जरा इकडे धर.