रद्द, एक

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये चूक शोधत आलो.
पासपोर्टची पानं, एकामागून एक, उजेडावर धरायची:
रेघ हललीय का, शाई पसरलीय का,
आकडा तिरका बसलाय का.
डोळे उतरले, सवय उतरली नाही.
म्हणून शलाकानं दोन पत्रं पुढ्यात ठेवली
तेव्हा वाचायच्या आधी मी ती ट्यूबलाइटसमोर धरली.
ती हसली.
"अण्णा, यात काही दिसायचं नाही.
जेल रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलीत, पाच रुपये पान."

एक विद्यापीठ जुन्या दगडांचं,
हिवाळ्यात तिथं दुपारी साडेतीनलाच अंधारतं.
दुसरं समुद्राला लागून,
त्याच्या तळघरात म्हणे खोटी नदी वाहती ठेवलीय, अभ्यासाला.
दोन्हीकडे शंभरातले चारच घेतात.
उरलेल्या शहाण्णव घरांत
कोण काय उजेडावर धरत असेल?

पैसे दोघांनीही सारखेच देऊ केले,
हीच खरी पंचाईत.
एकानं हात आखडता घेतला असता
तर गरिबीनं निवड केली असती,
आमच्याकडे आजवर तीच करत आलीय,
आणि कुणाला बोल लागला नसता.

विहितगावचा मेव्हणा जगातल्या क्रमवारीचा तक्ता घेऊन आला:
बाविसावं आणि चोविसावं.
मधल्या तेविसाव्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं.
मंदानं विचारलं, खोलीवर भात शिजवू देतात का?
दोन्हीकडे देतात.
काठे म्हणाला, नवश्या गणपतीपुढे चिठ्ठ्या टाका.
शलाका म्हणाली, काका, अर्ज गणपतीनं भरला नव्हता.

रविवारी तिला स्कूटरवर चेहेडीला नेलं,
दारणेत वालदेवी मिळते तिथं.
रात्रभर एक वाक्य घोटून ठेवलं होतं:
कुठूनही गेलीस तरी पाणी शेवटी गोदेलाच.
म्हणालो.
तिनं काठचा मूठभर गाळ उचलला,
अंगठ्यानं चोळत बसली,
लहानपणी बसायची तशीच.
"नदी निवडत नाही, अण्णा.
उतार असतो तिकडे जाते.
मला दोन्हीकडे चढच आहे."

येताना बिटको चौकात भेळ घेतली.
तिखट होती. त्यावरच बोललो.

शेवटच्या दिवशी
त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, साडेचार.
ती ओट्याशी स्टुलावर, मी झोपेचं सोंग घेऊन.
होकाराला दोन मिनिटंही लागली नाहीत.
एक चौकट, त्यात एक खूण.
नकारालाही तशीच चौकट होती,
पण तिथल्या एका बाईंनी
दारणेच्या गाळाबद्दल तिला दोनदा पत्र लिहिलं होतं.
त्यांना नुसती खूण कशी पाठवायची?
तिनं लिहिलं, खोडलं, पाणी प्यायली, पुन्हा लिहिलं.
दूधवाला येऊन गेला.
आम्हाला नकार येत आले.
मला बढतीचा, मंदाला बालवाडीचा,
तिच्या आजोबांना तर शाळेचाच.
लिहायची पाळी घरात कुणावर आली नव्हती.
कसा लिहितात, कुणाला विचारणार होती पोर?

तिनं अंधाराचं निवडलं.
का, ते मी विचारलं नाही.

दुसरं पत्र चुरगळून केराच्या डब्यात होतं,
चहाच्या चोथ्यावर.
काढलं, पुसलं, मांडीवर सरळ केलं.
प्रेसमध्ये रद्द पानही मोजून ठेवावं लागतं.
एक जरी कमी भरलं
तर भोंगा होऊनही कुणी घरी जात नाही.

भोंग्याला अजून अवकाश होता.
पत्र पुन्हा एकदा उजेडावर धरलं, खिडकीतल्या.
मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत
तारीख घातली आणि लिहिलं:
रद्द, एक.
चूक आढळली नाही.