कॅन्डिडचे पैसे वेगळे

आमच्या दारव्ह्यात लग्नाच्या ऑर्डरीत
कॅन्डिडचे पैसे वेगळे असतात.
म्हणजे मी नवरीला सांगते, तिकडं बघ, कडुनिंबाकडं,
आणि कोणी काही बोललं नाही तरी हस.
ती हसते. बाप चार हजार जास्त मोजतो.

एवढ्या नावावर मला बोलावणं आलं.
पटाच्या मैदानात यंदा बैल नाहीत, मोटारसायकली.
जेसीबीनं उंचवटे रचलेले, टायरांना चुना फासलेला,
कडेच्या वावरात पऱ्हाट्या तशाच उभ्या, त्यांच्यावर पोरं चढतील म्हणून बोरीचे काटे.
आणि मुंबईहून विश्वजीत सरनोबत येणार, स्वतः,
ज्यानं तीन सिनेमांत पुलावरून गाडी उडवली.
पंपवाले भुतडासेठ म्हणाले,
"ष्टेजवरचे काढजा, पन त्याचा एक कॅन्डिड पायजे.
पेपरले देतो."

स्टेजवर त्याला सतरा माणसांनी धरलं.
शाल, नारळ, संत्र्यांची परडी, पुन्हा शाल.
प्रत्येक फोटोत तेच दात.
पासपोर्ट साइजचा चेहरा, कुठंही चिकटणारा.

मग झेंडा पडला.

बाबांनी मला फोटो शिकवला तो याच मैदानात,
रोल महाग होता तेव्हा.
म्हणायचे, जोडी आली की कॅमेरा थांबवायचा नाही.
धुरकऱ्यासोबत मान फिरव, श्वास धर,
बटण दाबलं तरी फिरतच राहा.
जो पळतो तो स्पष्ट येईल.
जो उभा आहे तो वाहून जाईल.

चौथ्या फेरीत अंकुश टेकाम आला,
लोहीच्या गॅरेजातला, गाडी मालकाची, हेल्मेट उसनं.
मी मान फिरवली.
आणि भिंगात, पाण्याच्या टँकरमागं, तो.
एकटा. शाल चाकावर टाकलेली.
दोन्ही बोटं कानांत, खांदे वर, डोळे घट्ट,
फटाक्यांच्या माळेपासून
लांब उभ्या केलेल्या पोरासारखा.

थांबायला हवं होतं.
चार नव्हे, चाळीस हजारांचा कॅन्डिड होता तो.
पण मान बाबांची होती.
ती मोटारसायकलसोबत गेली.

धूळ बसली तेव्हा तो माझ्याकडं बघत होता.
नको म्हणाला नाही. काढा म्हणाला नाही.
पुढची गाडी चढावर आली, तसा
माझ्यासमोरच त्यानं परत कानांत बोटं घातली.
मीही एक कान झाकला.
दुसऱ्या हातात कॅमेरा होता.

सेठला स्टेजवरचे दोनशे दिले.
"अन् कॅन्डिड?"
"हलला," म्हटलं.
खोटं नव्हतं.

आठ दिवसांनी अंकुशची आई आली स्टुडिओत,
सरकीच्या कंपनीची पिशवी छातीशी धरून.
पोराचा फोटो मोठा करून पाहिजे, फ्रेमसकट.
मी स्क्रीनवर उघडला.
चाकाच्या तारा मोजाव्यात,
कोपरावरचं ऑइल चमकतंय,
हेल्मेटच्या काचेत अख्खं आभाळ.
मागं मैदान, टँकर, माणसं, सगळं आडव्या रेषा,
आणि त्यात एक जरा उभट, पांढरं,
साबण पाण्यात विरावा तसं.

तिनं नख ठेवलं तिथं.
"हा मांगं डाग कायचा हाय वो बाई?
पुसता येते का?"

येतं. दोन मिनिटांचं काम.
माउस नेला त्याच्यावर.
नीट बघितलं तर कोपरं अजून कळत होती,
किटलीच्या कानांसारखी, दोन्ही बाजूंना.

"पुसायचे पैसे वेगळे," मी म्हटलं.
"किती?"
मी बराच मोठा आकडा सांगितला.

"बाप्पा! मंग राहू दे," ती म्हणाली,
"एवढुसा तर हाय."