वायुवीजन

विषय: सार्वजनिक शौचालयाची दारे
खालून वीतभर कापून मिळणेबाबत.

क्षेत्रीय कार्यालयात गोसावी साहेबांनी
चष्मा कपाळावर सरकवला.
"खालून? दारं? आणि कारण?"

कारणासाठी फॉर्मवर दीड ओळ होती.
तेवढ्यात नंद्या घोडके मावत नव्हता.

नंद्या, ताडीवाला रोडचा,
स्टेशनात पार्सलं उचलायचा.
तीन नंबरमध्ये गेला दुपारी दीडला,
कडी आतून.
सहाला कळलं, झाडूवाली पाणी मारायला आली तेव्हा.
मधल्या वेळात रांग होती.
लोक दार वाजवत होते,
शिव्या देऊन दोन नंबरला जात होते.
आत एक माणूस
श्वास घ्यायचा विसरत चालला होता
आणि दार चांगलं होतं,
चौकटीत नीट बसणारं,
फटसुद्धा नसलेलं.

मी लिहिलं: वायुवीजनासाठी.
साहेब म्हणाले, हां, हे बसतं नियमात.
सही झाली.
खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी.

गल्ल्यावर सुखदेव मंडल, मधुबनीचा.
अकरा वर्षं पुण्यात,
मराठी फक्त "सुट्टे द्या" एवढीच खणखणीत.
त्याला शिकवलं:
घोरणं वेगळं, घरघर वेगळी.
ओठ बघ. नखं बघ.
जांभूळ खाल्ल्यासारखी दिसली तर
छातीच्या हाडावर मूठ घास, जोरात.
तरी नाही उठला तर ही सुई मांडीत, पँटवरूनच,
मान मागे, नाक बंद,
आणि तुझा श्वास त्याच्यात, दर पाच सेकंदाला एक.
"मुँह से?"
मुँह से. मधे ही जाळी धर.

त्याने नॅलोक्सोनची कुपी उजेडात धरली,
बराच वेळ.
मग विचारलं, मॅडम, वाचवला,
आणि तो परत गेला प्यायला, तर?
तर तो परत गेला असेल, सुखदेव.
नुसता गेला नसेल.

समोरचा लॉजवाला म्हणतो,
तुम्ही असल्यांची सोय करता.
हो, करते.
पुढचं वाक्य पूर्वी पाठ होतं माझं,
आकडे घालून.
आता चहा पिते त्याच्याकडेच, आणि गप्प बसते.

एप्रिलमधली रात्र. रघुवीर सकट
येरवड्यातून सुटून तिसरा दिवस.
सात महिन्यांत अंगाची सवय मोडली होती,
हाताला मात्र जुनं माप पाठ.
तीन नंबरच्या दाराखालून
एक तळपाय दिसला, आडवा,
चप्पल निसटून मोरीकडे गेलेली.

मी संगम पुलावर होते, गाडी पंक्चर.
फोनवर सुखदेव नुसताच मोजत होता,
एक, दो, तीन, चार,
मग फूऽऽ,
मग पुन्हा एकपासून.
मी गाडी तिथेच टाकली, धावत सुटले.
कुठल्या आकड्यावर रिक्षा मिळाली आठवत नाही.

पोचले तेव्हा रघुवीर नळाला टेकून बसलेला,
ओकत, थरथरत, आणि कोकलत,
"साडेतीनशेचा माल होता, साडेतीनशेचा! कुणी सांगितलं होतं?"
सुखदेव गमछाने तोंड पुसत होता,
पुसून झालं तरी पुसत होता.
चल ससूनला, मी म्हटलं,
हे औषध तासाभरात उतरतं,
तुझी पावडर बसून राहते.
आला. शिव्या देत आला, पण आला.

पहाटे रजिस्टर भरलं.
वेळ: ११.४०. मात्रा: दोन कुप्या.
परिणाम या रकान्यात लिहिलं,
रुग्ण शिव्या देतो आहे.

सुखदेव गल्ल्यातली नाणी लावत होता.
"मॅडम, उसका पाँच रुपया बाकी है."
मी पर्स उघडली.
त्याने मान हलवली,
नको. उद्या घेईन.
त्याच्याकडूनच.