मोठा दाणा

एर्फूदला, गॅरेजात, बासूने दगड कापला,
पाणी सोडत, घाई न करता.
बाहेरून नुसता करपलेला.
आत वाटाण्याएवढे दाणे, गोल, राखी,
आणि कडेला एक पांढरा डाग, फाटका,
वयाने पृथ्वीहून थोरला.

मी भिंग काढलं. मापपट्टी लावली.
सहा मिलिमीटर. सात.
चेहरा कोरा ठेवला, भाव पडावा म्हणून.

तुदाच्या शेळ्या अडखळल्या होत्या या दगडाला.
तिने ओली चकती उन्हात धरली,
अंगठा फिरवला दाण्यांवरून:
"कुसकुस वळत होतं कुणीतरी.
पाण्याचा हबका जास्त झाला,
चाळायचं राहून गेलं."

मग, नोटा मोजता मोजता थांबून,
"एवढं वळलं,
जेवायला कोण यायचं होतं?"

मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.