लाल फडकं

निपाणीत वखारीमागच्या या खोलीत
कागदाला कसर लागत नाही.
तंबाखूचा खकाणा किड्यांना पुरून उरतो,
मलाही; खोकल्यावरून ओळखलं असशील.

बस. किल्ल्या घे.
हजेरीपट डावीकडं, पगारपत्रकं त्याच्या खाली,
जीएसटीची बिलं महिनेवार, दोऱ्यात.
पेन्सिल वापरायची नाही.
चुकलं तर एकच रेघ मार,
खालचा आकडा दिसू दे, बाजूला सही.
मालकांनी व्हाइटनर आणलंय,
ते ड्रॉवरात वाळू दे.

आठ वर्षं झाली की फाडायचं,
तेही यादी करून, दोघांच्या सह्यांनी.
कोर्टात चाललंय त्याला लाल फडकं बांधलंय,
त्याला वर्षं मोजायची नाहीत.

आणि ही बघ, सत्त्याण्णवची वही.
हिला कधीच रद्दीत जायला हवं होतं.
गंगव्वा भरमू कमते.
मराठीत कमते, कानडी फॉर्मवर कमतगी,
पीएफच्या कॉम्प्युटरात नुसतीच के. गंगा.
एकीच्या तीन बायका झाल्या
आणि पेन्शन तिघींतल्या कुणालाच नाही.
साहेब म्हणाला, पुरावा?
मी हे पान उघडलं. अंगठा.
विड्या वळून वळून रेघा झिजलेला,
तरी तिचाच.

परवा आली होती पेढे घेऊन.
वहीला नमस्कार केला, मला नाही.

कॉम्प्युटरात चढव सगळं. चढवच.
दर शनिवारी दुसरी प्रत,
घरी नको, बँकेच्या लॉकरात.
आणि ही वही?
फाडायच्या यादीत मी लिहिलीच नाही,
ठेवायच्याही नाही.
तू ठरव.