पाणी फुटतंय का

पत्रा धुऊन झाला की दस्तगीरचाचा
वरून एक मग पाणी सोडायचे.
चादरीसारखं सलग उतरलं, तर पुढच्या टाकीत.
मधेच फुटून थेंब गोळा झाले, तर परत धुवायचा.
"हितं तेल हाय, पोरी.
डोळ्याला दिसत न्हाई, पाण्याला कळतंय."

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये
मी डिप्लोमाची वही घेऊन नवीनच.
सांगितलं त्यांना: तेलाचा थर केसाहूनही
कितीतरी पातळ,
पण रंग मग त्या तेलालाच धरतो,
लोखंडापर्यंत पोचतच नाही.
आणि एक दुसरा लेपही असतो, तसाच पातळ,
एका टोकाने लोखंडाला धरणारा,
दुसऱ्याने रंगाला.
चाचा हसले.
"म्हंजे एक सोयरीक जुळवतो,
एक बिब्बा घालतो.
आमच्या गल्लीत दोन्ही हाईत."

शिकलगारांचा हात. पुसलेल्या पत्र्यावरून
तळवा फिरवल्याशिवाय
माल पुढे सोडायचे नाहीत.
हातमोजे खुंटीला.
मोज्यातून काय कळणार, म्हणायचे.

जुलैत इचलकरंजीहून एक दार परत आलं,
चाळीसातलं एकच.
यंत्रमागाच्या पॅनलचं, राखाडी.
ब्लेडने चौकटी पाडल्या, टेप चिकटवली, ओढली.
रंग टेपबरोबर आला, सालीसारखा,
आणि खाली तांबूस गंजात
एक तळवा.
चार बोटं पूर्ण.
करंगळी अर्धी.

उद्यमनगरातल्या प्रेसने ती अर्धी
माझ्या जन्माआधी नेली होती.

कंप्रेसर चालूच होता. कुणी काही बोललं नाही.
इंगवले साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
"भंगारात टाका," म्हणाले आणि
फोनवर बोलत बाहेर गेले, फोन वाजला नव्हता.

चाचांनी हात त्या हातावर धरला,
न टेकवता, बोटभर वर.
"पुसलेलं मी," म्हणाले,
"चांगलं पुसलेलं.
मग हात फिरवला,
पुसलंय का बघाया."

दार भंगारात गेलं नाही.
स्टोअरच्या मागे भिंतीला टेकून आहे,
रंगाची बाजू आत.

दुसऱ्या दिवशी नवा पत्रा धुऊन आला.
चाचांनी हात पाठीमागे बांधले,
शाळेतल्या पोरासारखे.
मग मी उचलला.
पाणी वरच्या कडेवरून सुटलं,
आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो
फुटतंय का.